मीटर कुणाच्या नावावर? वीजबिल, गॅस आणि सरकारी मदतीबद्दल वाचकांचे प्रश्न

उन्हाळ्याची बिलं हातात पडली की या सदराकडे एकच विषय येतो. यावेळी इतके प्रश्न आलेत की सगळे छापणं शक्यच नाही, सारखेसारखे होते ते एकत्र केलेत आणि सगळ्यांची नावं काढून टाकलीत. प्रश्न मुंबई-ठाणे-पुणे पट्ट्यातले आहेत म्हणून उत्तरंही शहरातलीच आहेत, कृषीपंपाचं विचारणाऱ्यांनी रागावू नका, तो वेगळा संसार आहे, त्यावर पुन्हा कधीतरी. आणि मी वकील नाही बरं का, बिल वाचता येतं एवढंच.

प्रश्न : ताई नमस्कार. आम्ही मुलुंडला डोंगराच्या बाजूच्या वस्तीत भाड्याने राहतो. मालकाच्या चार खोल्या एकाच मीटरवर आहेत, प्रत्येक खोलीला त्याने छोटा सबमीटर लावलाय आणि युनिटला १५ रुपये घेतो. आमचं ७० युनिट होतं, म्हणजे हजाराच्या वर जातात. बाजूच्या गल्लीत ज्यांचं स्वतःचं मीटर आहे त्यांना एवढ्याच वापराला सहाशे-साडेसहाशे येतात. आमचं मीटर घेऊ द्या म्हटलं तर मालक म्हणाला एनओसी देणार नाही, परवडत नसेल तर खोली सोडा. मिस्टर म्हणतात गप्प बस. काय करावं?

ताई, आधी हिशोब करू, कारण मालकाशी बोलायला गेलात तर कायद्यापेक्षा हिशोब जास्त कामाला येतो.

महावितरणचा घरगुती दर टप्प्याटप्प्याने चढतो. पहिले १०० युनिट स्वस्त, मग १०१ ते ३००, मग ३०१ ते ५००, मग त्यावरचे. २०२५-२६ च्या दरात वहन आकार (वीज तारांतून घरापर्यंत आणायचा खर्च) धरून पहिला टप्पा साधारण ६ रुपये, दुसरा ११, तिसरा १४ आणि त्यावर १६ रुपयांच्या आसपास पडतो, आपण गोळाबेरीज हेच आकडे धरू. आता तुमच्या चार खोल्यांचे ७० प्रमाणे २८० युनिट एकाच मीटरवर पडतात. त्यातले १०० सहाने आणि १८० अकराने, झाले २५८०, त्यावर स्थिर आकार (वापर कितीही असो, दरमहा ठरलेला) १३० च्या आसपास आणि मग वीज शुल्क १६ टक्के, म्हणजे मालकाला बिल येतं साधारण ३१४० रुपये. चारने भागलं तर खोलीमागे ७८५. तुमच्याकडून तो घेतो १०५०. म्हणजे चार खोल्यांचे मिळून महिन्याला हजारभर रुपये त्याच्या खिशात, फुकट. पण दुसरी गोष्ट बघा, मालक अगदी देवमाणूस असता आणि एक पैसा वर घेतला नसता तरी तुम्हाला ७८५ पडलेच असते, आणि तुमच्या नावाचं वेगळं मीटर असतं तर ७० युनिटचे ४२०, स्थिर आकार, शुल्क सगळं धरून ६४० च्या आत. पहिले १०० युनिट स्वस्त ठेवलेत ते गरिबासाठीच, पण ती सवलत मीटरला मिळते, माणसाला नाही, आणि चार बिऱ्हाडं एका मीटरवर आली की चौघांत मिळून एकच सवलत. मोठ्या शहरात गरिबाला वीज महाग पडते ती अशी, दर जास्त म्हणून नाही तर मीटर दुसऱ्याचं म्हणून.

आता कायदा. विद्युत कायदा २००३ च्या कलम ४३ मध्ये वीजजोडणी मागायचा हक्क जागेच्या मालकाला किंवा तिथे राहणाऱ्याला दिलाय, 'किंवा' आहे तिथे. मे २०२२ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्पष्ट सांगितलं की वीज ही मूलभूत गरज आहे, घरमालक एनओसी देत नाही एवढ्या कारणावरून भाडेकरूला वीज नाकारता येणार नाही, कंपनीने फक्त एवढंच बघायचं की अर्जदार त्या जागेत राहतो का. ग्राहक हक्कांचे जे केंद्राचे नियम आहेत २०२० चे, त्यात छोट्या जोडणीला दोनच कागद पुरेसे धरलेत, ओळखीचा आणि जागेत राहता त्याचा. २०२४ च्या दुरुस्तीनंतर महानगरात ३ दिवसांत आणि इतर महापालिका-नगरपालिका हद्दीत ७ दिवसांत जोडणी द्यायची असं त्यात आहे. प्रत्यक्षात काय होतं ते आपल्याला माहिती आहे, काउंटरवरचा माणूस आजही पहिला प्रश्न एनओसीचाच विचारतो. म्हणून अर्ज तोंडी विचारून परत येऊ नका, नवीन जोडणीचा ए-वन फॉर्म ऑनलाइन भरा, भाडेकरार जोडा (नोंदवलेला असला तर उत्तम, नसला तरी त्या पत्त्यावरचं रेशनकार्ड, बँक पासबुक, मुलाच्या शाळेचा कागद जे असेल ते), आणि नाकारलं तर नाकारल्याचं लेखी मागा. लेखी मागितलं की निम्म्या वेळा फाईल हलते.

पण खरा मुद्दा वेगळाच आहे आणि तो तुमच्या मालकाने बोलून दाखवला नसेल. वस्तीत लाइट बिल म्हणजे बिल नसतं, पुरावा असतो. उद्या एसआरए, म्हणजे झोपडपट्टी पुनर्वसन, आलं तर भाडेकरू बिल घेऊन पुढे येईल आणि खोलीवर हक्क सांगेल ही त्याची भीती, १५ रुपयांची कमाई त्याच्या नंतर. तेव्हा बोलताना तिथून सुरुवात करा. पुनर्वसनाला १ जानेवारी २००० च्या आधीच्या झोपड्या मोफत आणि त्यानंतर १ जानेवारी २०११ पर्यंतच्या सशुल्क पात्र धरतात, म्हणजे नुसत्या आजच्या नवीन मीटरच्या बिलाने कुणी पात्र ठरत नाही, त्या तारखांच्या आधीचे कागद लागतात. हे समजावून सांगा, घरातल्या कुणा मोठ्या माणसाला किंवा मंडळाच्या कार्यकर्त्याला सोबत घ्या.

तरीही ऐकत नसेल तर मधला मार्ग म्हणजे चारही खोल्यांना मालकाच्याच नावाने वेगवेगळी मीटरं. खोल्यांना स्वतंत्र दरवाजा आणि स्वतंत्र स्वयंपाकाची जागा आहे का ते कंपन्या बघतात. बिल त्याच्या नावावर, भरणार तुम्ही, त्याची भीती राहिली नाही आणि तुमची सवलत तुम्हाला मिळाली. त्याला हेही हळूच सांगता येईल की एका जागेसाठी मंजूर केलेली वीज दुसऱ्या बिऱ्हाडाला देणं कलम १२६ खाली अनधिकृत वापरात बसू शकतं, तपासणी आली तर दुप्पट दराने वसुली मालकाच्याच नावावर निघते. धमकी म्हणून नको, माहिती म्हणून.

आणि रागाच्या भरात त्याने सबमीटरची वायर काढली तर? महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायद्याचं कलम २९ आहे, भाडेकरूचं पाणी-वीज तोडणं गुन्हा आहे. पण पोलीस स्टेशनला गेल्यावर 'आपसात मिटवा' ऐकायला मिळतं, आणि अकरा महिन्यांचा करार संपला की खोली सोडायला सांगणं मालकाच्या हातात असतं. तुमचे मिस्टर गप्प बस म्हणतात त्याला हे कारण आहे, घाबरट म्हणून नाही. म्हणून एकटीने भांडू नका, चारही भाडेकरूंनी एकत्र जा. आणि काही होईपर्यंत निदान एवढं तरी मागा की दर महिन्याला मूळ बिलाची झेरॉक्स दाखव आणि त्याच्या भागाकाराने पैसे घे. एवढ्यानेही तुमचे अडीचशे वाचतात.

(तारेवर आकडा टाकून वीज घ्यावी का असं दोघातिघांनी आडून विचारलंय. नाही. ती वीजचोरी, विद्युत कायद्याचं कलम १३५, तीन वर्षांपर्यंत कैद, आणि पत्र्याच्या घरात उघड्या वायरने लागलेली आग वेगळी.)

प्रश्न : मी कांदिवलीला घरकाम करते. गाव जालन्याकडे. उज्ज्वलाचा गॅस गावी माझ्या नावावर आहे पण तिथे सासूबाई वापरतात. इथे आम्ही छोटी टाकी दुकानातून किलोवर भरून आणतो, १२० रुपये किलो. महिन्याला आठ किलो तरी लागतो. मॅडम म्हणतात इंडक्शन घे, गॅसच्या भानगडीत पडू नको. आणि ते तीन सिलेंडर फ्री म्हणतात ते मला का येत नाहीत?

मावशी, तुम्ही मुंबईतला सगळ्यात महाग गॅस जाळताय. तुमच्या मॅडमच्या घरी येणारा १४.२ किलोचा सिलेंडर एप्रिल २०२५ च्या दरवाढीनंतर ८५२ रुपयांना झाला, म्हणजे किलोला ६०. उज्ज्वलाला त्यात ३०० रुपये परत मिळतात, २०२५-२६ साठी वर्षाला ९ सिलेंडरपर्यंत, तेव्हा किलोला चाळीसच्या आत. तुम्ही देताय १२०. आणि त्या दुकानात मोठ्या सिलेंडरमधून पाईप लावून छोट्यात भरतात ना, ते बेकायदेशीर तर आहेच पण त्याने स्फोट होऊन माणसं गेलीत, वजनात मारतात ते सोडूनच द्या.

तर, उज्ज्वलाचं कनेक्शन एका ठिकाणाहून दुसरीकडे नेता येतं. गावच्या एजन्सीत सिलेंडर आणि रेग्युलेटर जमा करून ट्रान्सफरचा कागद घ्यायचा आणि इथल्या एजन्सीत लावायचा. अडचण सासूबाईंची. त्यांचं रेशनकार्ड तुमच्यापेक्षा वेगळं असेल आणि त्यांच्या घरात दुसरं कनेक्शन नसेल तर त्यांच्या नावाने वेगळा उज्ज्वला अर्ज होऊ शकतो. एकाच कार्डावर सगळे असाल तर मात्र एका कुटुंबाला एकच, आणि 'माझ्याकडे गॅस नाही' असं लिहून दुसरं घ्यायला जाऊ नका, सगळं आधारला जोडलेलं आहे, पहिलंही अडकेल.

ज्या बायकांकडे गावी कनेक्शनच नाही त्यांच्यासाठी सांगते, २०२१ ला उज्ज्वलाचा दुसरा टप्पा आला त्यात बाहेरगावाहून आलेल्यांना इथलं रेशनकार्ड किंवा पत्त्याचा पुरावा नसला तरी स्वतःचं घोषणापत्र चालतं. हे खूप कमी जणींना माहिती आहे आणि एजन्सीवाला स्वतःहून सांगत नाही.

काहीच जमलं नाही तर ५ किलोची कंपनीची सीलबंद टाकी घ्या, पेट्रोल पंपावर, एजन्सीत, काही किराणा दुकानांतही मिळते, इंडेनवाले त्याला छोटू म्हणतात. फक्त ओळखपत्र लागतं. सबसिडी नाही आणि घरगुतीपेक्षा महाग आहे, पण वजन पूर्ण आणि सील असतं.

तीन सिलेंडरचं म्हणजे मुख्यमंत्री अन्नपूर्णा योजना, जुलै २०२४ चा जीआर. उज्ज्वलाच्या आणि लाडकी बहीणच्या लाभार्थींना वर्षाला तीन. 'फ्री' शब्दाने गोंधळ होतो, कारण सिलेंडर फुकट दारात येत नाही, आधी पूर्ण पैसे देऊन घ्यायचा आणि मग पैसे खात्यात. उज्ज्वलावाल्यांना केंद्राचे ३०० आणि राज्याचे ५३० अशी ती बेरीज धरली होती. तुमचं कनेक्शन तुमच्या नावावर आहे, मग पैसे येत असतील तर ते आधारला जोडलेल्या खात्यातच येतात, आणि ते खातं कोणतं हे बऱ्याच जणींना ठाऊक नसतं, गावी जनधन उघडलेलं असतं आणि पासबुक कपाटात. बँकेत जाऊन विचारा आधार कोणत्या खात्याला सीड आहे. दुसरं, गॅसची केवायसी, अंगठा किंवा चेहरा, उज्ज्वलाला ती वर्षातून एकदा करावी लागते, ती राहिली असेल तर सबसिडी थांबते. लाडकी बहीणमधल्या ज्या बायकांचा गॅस नवऱ्याच्या नावावर आहे त्यांना या योजनेत काही मिळत नाही, आधी कनेक्शन स्वतःच्या नावावर करून घ्यावं लागतं. आणि मला विचाराल तर साडेआठशे आधी भरा मग परत देऊ हे ज्याने ठरवलं त्याने महिनाअखेरीला कुणाच्या घरातला डबा उघडून पाहिलेला नाही.

इंडक्शनचं मॅडमना सांगा की त्यांचं गणित वेगळं आणि तुमचं वेगळं. चार माणसांचा स्वयंपाक म्हणजे दिवसाला दीड युनिट धरा, महिन्याला ४५. स्वतःचं मीटर असेल आणि एकूण वापर शंभरच्या आत राहत असेल तर तीनशे-सव्वातीनशेत भागतं, मग छानच आहे. पण तुम्हीही मालकाच्या सबमीटरवर १५ रुपयाने असाल तर पावणेसातशे, वर तुमच्या खोलीची वायर जुनी असेल तर २००० वॅटची शेगडी तिला झेपणार नाही.

प्रश्न : नाव-गाव छापू नका. मी फूड डिलिव्हरी करतो, दिवसभर घर बंद असतं. पाच महिने ४० युनिटचं सरासरी बिल येत होतं, प्रत्येकी ४३० च्या आसपास, सगळी भरली. आता एकदम ७२० युनिटचं १० हजार ७३० चं बिल आलंय. ऑफिसात गेलो तर म्हणाले आधी भरा मग तक्रार करा, नाहीतर लाइन कट. मेसेजही आलाय. एवढे पैसे कुठून आणू?

दादा, आधी ते बिल टेबलावर पसरा. वर डाव्या-उजव्या बाजूला कुठेतरी चालू रीडिंग, मागील रीडिंग, गुणक अवयव, युनिट अशी ओळ असते. मागच्या पाच बिलांत त्या ओळीत आकड्याऐवजी इनॲक्सेस, लॉक, आरएनए किंवा फॉल्टी असं काहीतरी असेल. पहिल्या तिघांचा अर्थ रीडिंग घेतलंच नाही. फॉल्टी म्हणजे मीटर बिघडलाय असं त्यांचं म्हणणं, आणि मग विषय वेगळा, मीटर तपासणीची मागणी करायची. तुमच्या केसमध्ये घर बंद म्हणून घेतलं नसावं. मग मीटरवरचा आजचा आकडा स्वतः बघा, मोबाईलवर फोटो काढा, बिलावरच्या चालू रीडिंगशी जुळतो का ते बघा. जुळत नसेल तर अर्धी लढाई तिथेच जिंकलात.

जुळत असेल तर ७२० युनिट तुम्ही खरंच वापरलेत, पण सहा महिन्यांत, एका महिन्यात नाही. वरच्या उत्तरातले गोळाबेरीज दर लावले की ७२० युनिट एकाच महिन्यात धरल्यावर ९१२० होतात, स्थिर आकार आणि शुल्क मिळवलं की बरोब्बर तुमचे १०,७३०. म्हणजे त्यांनी सगळं एकाच महिन्याच्या टप्प्यांत कोंबलंय. सहा महिन्यांत वाटलं तर महिन्याला १२० युनिट, शंभर सहाने आणि वीस अकराने, सगळं धरून महिना ११०० रुपये, सहा महिन्यांचे ६६००. त्यातून तुम्ही भरलेले पाच वेळचे ४३०, म्हणजे २१५० वजा. राहिले साधारण साडेचार हजार. दहा हजार सातशे कुठे आणि साडेचार कुठे! एरवी बिलाचं सॉफ्टवेअर ही विभागणी स्वतः करतं, 'स्लॅब बेनिफिट' म्हणतात त्याला, आणि आधीची सरासरी बिलंही वजा करतं. तुमच्या बिलात ते झालेलं दिसत नाही. तेव्हा अर्जात 'बिल जास्त आहे, कमी करा' असं गयावया करून लिहू नका, 'संचित युनिट सहा महिन्यांत विभागून स्लॅब बेनिफिट द्यावा आणि सरासरी बिलांपोटी भरलेली रक्कम वजा करावी' एवढंच लिहा, सोबत पाच बिलं, पावत्या, मीटरचा फोटो. हे वाक्य वाचलं की समोरच्याला कळतं की याला माहिती आहे.

आता लाइन कट करण्याचं. विद्युत कायद्याच्या कलम ५६ प्रमाणे १५ पूर्ण दिवसांची लेखी नोटीस दिल्याशिवाय वीज तोडता येत नाही. हल्ली नोटीस मेसेजवर, व्हॉट्सॲपवर पण येते म्हणून मेसेजकडे दुर्लक्ष करू नका, तारीख लिहून ठेवा. आणि त्याच कलमात पुढे आहे ते काउंटरवर कुणी सांगत नाही, बिलाबद्दल वाद असेल तर ग्राहकाने निषेध नोंदवून, म्हणजे अंडर प्रोटेस्ट, मागितलेली रक्कम किंवा मागच्या सहा महिन्यांत भरलेल्या बिलांच्या सरासरीने होणारी रक्कम, यातली जी कमी असेल ती भरली तर वाद मिटेपर्यंत वीज तोडता येत नाही. 'आधी भरा मग तक्रार' याला कायद्यात आधार नाही. अर्जावर कलम ५६ चा उल्लेख करा, अंडर प्रोटेस्ट भरतोय असं लिहा, एका प्रतीवर शिक्का घ्या. शिक्का दिला नाही तर तोच अर्ज ईमेलने आणि १९१२ वर तक्रार नोंदवून तक्रार क्रमांक घ्या.

तिथे दाद मिळाली नाही तर ग्राहक गाऱ्हाणे निवारण मंच, प्रत्येक वीज कंपनीला तो ठेवावाच लागतो. वकील लागत नाही, साध्या कागदावर मराठीत चालतं, प्रकरण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत जायचं. त्याच्यावर विद्युत लोकपाल, मुंबईत आणि नागपुरात कार्यालय आहे, मंचाच्या निकालानंतर ६० दिवसांत. माझा अनुभव असा की बहुतेक स्लॅबची प्रकरणं मंचापर्यंत जातच नाहीत, बिलिंग सेक्शनमध्ये दुरुस्त होतात, फक्त बरोबर शब्दात मागावं लागतं. आणि दुरुस्त होऊन आलेले साडेचार हजारही एकदम जमत नसतील तर त्याच अर्जात हप्ते मागा, मिळतात.

एक मात्र सांभाळा. 'तुमची वीज आज रात्री साडेनऊला बंद होईल, या मोबाईल नंबरवर संपर्क करा' असा मेसेज असेल तर तो कंपनीचा नाहीच, चोरांचा आहे. फोन केला की ॲप डाउनलोड करायला लावतात आणि खातं साफ. बिलाच्या टेन्शनमध्ये असलेला माणूस त्यांना बरोबर सापडतो.

प्रश्न : दिल्लीत २०० युनिट फ्री, कर्नाटकात फ्री, मग आपल्याकडे का नाही? आपल्या सरकारला शहरातला गरीब दिसत नाही का?

दिल्लीत ऑगस्ट २०१९ पासून २०० युनिटपर्यंत शून्य बिल आहे, ४०० पर्यंत निम्मं. कर्नाटकात गृहज्योती २०२३ ला आली, तिथे आधीच्या वर्षीचा तुमचा सरासरी वापर आणि वर १० टक्के, २०० च्या मर्यादेत. आपल्याकडे फुकट वीज मिळते ती शेतीपंपाला, साडेसात एचपीपर्यंत, २०२४ पासून. घरगुतीला दोन गोष्टी आहेत, एक म्हणजे पहिल्या शंभर युनिटचा कमी दर, आणि दुसरी दारिद्र्यरेषेखालचा वेगळा दर, पण त्याला वर्षाला ३६० युनिटची मर्यादा. महिन्याला ३०! एक पंखा रात्रभर आणि दिवसाचे काही तास चालवला की ३० युनिट झाले. मोबाईल, टीव्ही, बल्ब कुठे लावायचे? शहरात त्या वर्गात कुणी टिकत नाही. ही मर्यादा वाढवायला पाहिजे असं माझं स्पष्ट मत आहे.

पण २०० युनिट फ्री करा या मागणीबद्दल मी थोडी साशंक आहे, आणि कारण मुलुंडच्या ताईंचा प्रश्न. उद्या जाहीर झालं तर त्या मालकाचं बिल कमी होईल, ताईंचा सबमीटर १५ रुपयानेच फिरत राहील. दिल्लीत नेमकं हेच झालं, सवलत मालकाच्या मीटरवर, भाडेकरू कोरडाच, म्हणून सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या सरकारला भाडेकरूंसाठी वेगळी प्रीपेड मीटर योजना आणावी लागली, भाडेकरार किंवा भाड्याची पावती दाखवा आणि ३००० डिपॉझिट भरून मीटर घ्या, मालकाची एनओसी नको. आपल्याकडे फ्री युनिटच्या आधी हे झालं तर मला जास्त आनंद होईल.

सोलरचं पण दोघांनी विचारलंय. केंद्राच्या पीएम सूर्यघर योजनेत छतावरच्या १ किलोवॅटला ३० हजार, २ ला ६० आणि ३ ला ७८ हजार अनुदान आहे, २०२५ मध्ये राज्याने दारिद्र्यरेषेखालच्यांना आणि शंभरच्या आत वापर असलेल्यांना वरून आणखी मदत जाहीर केली. योजना चांगली आहे, गावात किंवा स्वतःची स्लॅब असलेल्या घराला जरूर घ्या. पण चाळीत वरचा मजला दुसऱ्याचा, वस्तीत छप्पर पत्र्याचं आणि मीटर मालकाचं, पॅनल लावायचं कुठे? सोसायटीतल्या तिसऱ्या मजल्यावरच्याला पण हीच अडचण.

प्रश्न : पत्र्याचं घर, पोटमाळा, मार्च ते जून झोप नाही. कूलर घेतला तर बिल परवडत नाही. स्वस्तातला उपाय सांगा. (पुणे)

कूलर मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत फारसा कामाचा नाही, पुण्यात एप्रिल-मेमध्ये चालतो, पण खिडकी उघडी पाहिजे, बंद पोटमाळ्यात नुसता चिकचिकाट होईल.

आधी पंखा बघा. जुना छताचा पंखा ७५ वॅट खातो, दिवसाला १४ तास चालला तर महिन्याला ३१ युनिट. बीएलडीसी नावाच्या कमी वीज खाणाऱ्या मोटरचा पंखा ३० वॅटच्या आसपास, तेवढ्याच तासांना १२-१३ युनिट. म्हणजे एका पंख्यामागे १८-१९ युनिट वाचले, तुमचा वापर शंभर युनिटच्या वर जात असेल तर शुल्क धरून २३०-२४० रुपये, आत असेल तर सव्वाशेच्या आसपास. पंखा अडीच-तीन हजारांना पडतो, एक-दोन वर्षांत वसूल होतो, पण एवढे एकदम घालायचे कुठून हा प्रश्न राहतोच, बचतगटातून छोटं कर्ज काढून घेतलेल्या बायका मला माहिती आहेत. घेताना स्टारचं लेबल बघा, २०२३ पासून छताच्या पंख्यांना ते सक्तीचं आहे, आणि वॅट किती ते खोक्यावर स्वतः वाचा, दुकानदार 'पॉवर सेव्हर' म्हणून साधाच गळ्यात मारतो.

दुसरं, पत्रा. वरून पांढरा रंग मारल्यावर दुपारी आतल्या तापण्यात फरक पडतो, हात लावून बघितलं तरी कळतं. बाजारात कूल रूफ म्हणून पेंट मिळतो तो टिकतो पण महाग आहे, साधा चुना फेविकॉल घालून मारला तरी एक उन्हाळा निघतो. आधी पत्र्यावरची धूळ आणि गंज घासून काढा, दोन हात मारा, आणि आता पाऊस तोंडावर आहे तेव्हा चुन्यावर पैसे घालू नका, पहिल्या सरीत धुऊन जाईल. फेब्रुवारीत मारा. भाड्याचं घर असेल तर मालकाला विचारून, खर्च निम्मा मागून बघा, पत्रा त्याचाच आहे.